भिमीच्या हद्दीतलं पीक

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, चौदा घरांच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर आहे. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि पुढे एक लाकडी टेबल, एवढंच. गाडी आली की पत्रे थरथरतात आणि पाळकाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे तिथं एक रीतच पडून गेली आहे. गाडी वाजली की पाळक वाक्य अर्धं सोडतो, सगळे गप्प बसतात आणि शेवटचा डबा गेला की पाळक सोडलेलं वाक्य पुन्हा उचलतो. मालगाडी असली तर म्हाताऱ्यांची एक डुलकी होऊन जाते. नव्या माणसाला याची गंमत वाटते, मंडळीला वाटत नाही.

आणि दर वेळी, शेवटचा डबा गेला रे गेला की बायकांच्या बाजूनं, खांबाजवळून, हलका आवाज येतो, "आमेन." तो भिमीचा. प्रार्थना संपलेली नसते, कधी कधी सुरूही झालेली नसते, तरी हिचं आमेन ठरलेलं. मंडळीनं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला होता. सगळ्यात जुना पंच कमळूबाबा म्हणायचा की हिला घरी जायची घाई असते. भिमीची मोठी जाऊ जना म्हणायची, "रेल्वेची बाय ती. तिचा देव पण टायमावर सुटतो."

भिमीनं कधी कुणाला खुलासा केला नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं, पण विचारलं कुणी नाही, आणि न विचारता सांगत सुटण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

ती रेल्वेत की-मन होती. बाई असली तरी कागदावर की-मनच, आणि लोकांच्या तोंडी चावीवाली. तिचा नवरा बुधू रेल्वेच्या गँगमध्ये होता. तो काविळीनं गेला तेव्हा पोरगी काजल सहा वर्षांची होती. त्याच्या जागेवर भिमी लागली. तीन वर्षं गँगमध्ये खडी ओढली, मग तिच्या हाती हातोडा आला आणि तिला कसाऱ्याच्या बाजूची एक हद्द नेमून दिली गेली. रोज सकाळी त्या हद्दीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका रुळाकडे बघत जायचं आणि दुसऱ्या रुळाकडे बघत परत यायचं. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं हळूहळू बाहेर सरकतात. सरकलेली दिसली की हातोड्यानं ठोकून आत बसवायची, मोडकी असेल तर काढून नवी घालायची, जोड बघायचा, तडा दिसतो का बघायचं. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, आणि तेही खडीवरून.

ह्या चावीच्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात, पहिली चावी तिनं एकटीनं ठोकली तेव्हा समोरून गाडी आली. भिमी बाजूला होऊन उभी राहिली. माझी चावी नीट बसली नसली तर? एवढी माणसं त्यावरून चाललीत. डब्यामागून डबा गेला, शेवटचा गेला, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आमेन." तेव्हापासून गाडी कुठलीही असो, शेवटचा डबा गेला की ती आमेन म्हणते. गँगमधले आधी हसले. पुढेपुढे त्यांचा मुकादम साईनाथ, घरी गणपती बसवणारा माणूस, तोच म्हणायला लागला, "भिमाबाय, म्हणा ना तुमचा ता, मंग आमी कामाला लागतो."

लांबलचक प्रार्थना तिला कधी जमली नाही. मंडळीत बायका उठून डोळे मिटून अर्धा अर्धा तास देवाशी बोलतात, भिमी दोन वाक्यांत खाली बसते. रोज दर बाराशे पावलांवर एकदा तरी देवाशी बोलणं झालेलं असतं, रविवारी वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटे. पण हेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा मंडळीला नवा पाळक मिळाला. मुरबाडकडचा, सुयोग नावाचा, वयानं तिशीतला, आणि हौशी. भात कापून झालं की मंडळीत पहिल्या पिकाचा सण होतो. ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं फळ आणून टेबलावर ठेवायचं, पाळकानं त्यावर प्रार्थना करायची, आणि मग ते सगळं शिजवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. सणाच्या दोन रविवार आधी सुयोग पाळक म्हणाला, "यंदा एक गोष्ट पाळू या. बाजारातून विकत आणलेलं कुणी आणायचं नाही. देवाला आपल्या हातचं द्यायचं. गेल्या वर्षीच्या फोटोत मी बघितलं, सफरचंदं ठेवली होती, आणि त्यांच्यावर दुकानाच्या चिकटपट्ट्या तशाच."

सगळी मंडळी हसली. पाळकाला बिचाऱ्याला माहीत नव्हतं ती सफरचंदं कुणाची, पण बाकी सगळ्यांना माहीत होतं. जनानं तर मान वळवून पाहिलं. भिमीचे कान तापले. तिला जमीन नव्हती. बुधूच्या वाट्याचा तुकडा दिरानं कसायला घेतला होता, कारण भिमीला रुळावरून शेतात जायला वेळच नव्हता. दर वर्षी ती शहापूरच्या बाजारातून काहीतरी चांगलंसं घेऊन यायची आणि टेबलाच्या कडेला ठेवून द्यायची. ते कमी आहे असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

बाहेर चपला घालताना जना म्हणाली, "भिमे, असं तोंड नको पाडू. शनवारी ये झोडणीला दोन तास. माज्यातली एक पेंढी तुज्या हातात देते, ठेव टेबलावर."

"तुजी पेंढी मी कशी ठेवू, वयनी?"

"मंग काय ठेवशील? तुज्या शेतात तर नुसती खडी पिकते."

जना मनानं वाईट नव्हती. बुधू गेला तेव्हा तिनंच भिमीच्या घरी महिनाभर चूल पेटवली होती. पण तिचं भात तालुक्यात देखणं यायचं आणि त्याचा तिला ताठा होता, आणि तो ताठा तिनं कमावलेला होता. भिमीला हे कळत होतं म्हणूनच ते जास्त लागलं. जनाच्या हातात दाखवायला पेंढी होती. आपल्या हातात काय? एवढी वर्षं चाललो, ती काय नुसती पगारासाठी? बुधू चालला, तो नुसता पगारासाठी? टेबलावर ठेवावं असं आपल्या कामातून काहीच निघत नसेल, तर मग देवाच्या घरी आपण दर वर्षी पाहुणेच. हा विचार तिला सोडेना.

आठवडाभर तिनं डोकं खाजवलं. काजल शहापूरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, तिच्याकडे सगळ्यावर उपाय. "आई, हातोड्याचा फोटो काढते, फ्रेम करून ठेव ना."

"फ्रेम कुठून आणशील?"

"दुकानातून," असं म्हणून काजलनंच जीभ चावली.

खरा हातोडा न्यावा, तर तो रेल्वेचा आणि रोज जागेवर जमा करायचा. झेंड्या रेल्वेच्या. पगारातलं देणं ती दर महिन्याला मंडळीच्या दानाच्या थैलीत टाकतच होती, त्यात सणाचं काय?

मग सणाआधीच्या मंगळवारी तिनं एक झिजलेली चावी काढून तिथं नवी बसवली, आणि जुनी हातात घेऊन उभी राहिली. हेच ते, तिला वाटलं. ही मी काढली नसती तर कुणी काढली असती? चावी तिनं पिशवीत टाकली, घरी नेली, चिंच लावून घासली, आणि बुधूच्या फोटोपुढे ठेवली. लोखंड छान चमकायला लागलं. भिमी जेवायला बसली. जुनी चावी जमा करायची असते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. फोटोतला बुधू तर सरळ तिच्याकडेच बघत होता. ताट तसंच झाकून ती उठली, दोन किलोमीटर परत गेली आणि साईनाथ मुकादमापुढे चावी ठेवली.

मुकादम हसला. "बाय, भंगार हाय ता. अशा शंभर पडल्यात हितं."

"शंभर पडल्यात त्या रेल्वेच्या पडल्यात," भिमी म्हणाली. "उचलून नेलेला देवापुढं ठेवू?"

मुकादमानं चावी ढिगात टाकली. भिमी मोकळ्या मनानं आणि रिकाम्या हातानं घरी आली. सणाला पाच दिवस राहिले होते.

शुक्रवारी नवे बूट मिळाले. जुने तिनं दाराबाहेर काढून ठेवले. काजल झाडता झाडता म्हणाली, "आई, हे टाकून देऊ ना? केवढे घाण झालेत."

"टाक," असं म्हणून भिमीनं ते उचलून काजलच्या हातात द्यायला घेतले, आणि तिचा हात थांबला. बूट उलटे झाले होते. तळ गुळगुळीत झाला होता, उजवी टाच तर पार चपटी, कारण पिशवी आणि हातोडा उजव्या खांद्यावर, सगळा भार त्याच पायावर. पुढच्या बाजूला, अंगठ्याखाली, कातडं इतकं पातळ झालं होतं की बोट लावलं तर आत दबत होतं. दर सहा-आठ महिन्यांनी अशी एक जोडी झिजायची. तिनं आजवर किती जोड्या टाकल्या असतील आणि एकही कधी उलटी करून बघितली नव्हती. बूट रेल्वेनं दिले होते, झिजवले मात्र तिनं. ते झिजणं कुणाच्या भांडारात जमा करायचं नव्हतं. ते तिचं होतं.

"आण इकडं," ती म्हणाली. "आणि पुसू नको."

रविवारी टेबल भरून गेलं. मध्यभागी जनाची लोंब्यांची पेंढी, जाड, सोनेरी, दोरीऐवजी लाल पदराच्या काठानं बांधलेली. बाजूला नाचणी, वाल, दोन तांबडे भोपळे, कुणी बांबूच्या कामट्यांची विणलेली टोपली, कुणी रानातल्या मधाची बाटली, आणि टेबलाच्या पायाला बांधलेली एक कोंबडी. एकेक जण नाव घेतलं की पुढे जात होता. सुयोग पाळक प्रत्येकाला विचारायचा, "हे कशाचं फळ?" तो माणूस सांगायचा, आणि पाळक हात ठेवून प्रार्थना करायचा.

"भिमाबाई."

भिमी उठली. नवी नऊवारी, डोक्यावर पदर, आणि दोन हातांत ते बूट. प्रार्थनाघरात चपला बाहेर काढायची रीत. लहान पोरसुद्धा चुकत नाही. आणि ही बाई बूट हातात घेऊन सरळ टेबलाकडे चालत गेली आणि पेंढी आणि भोपळा यांच्यामध्ये ते ठेवून मोकळी झाली.

कुणीतरी हसलं, मग हसणं बंद झालं. जना पुटपुटली, "आता ह्याची भाजी कशी करायची?"

कमळूबाबा उठला. सत्तरीचा माणूस, तापट, पण देवाच्या घराबद्दल काळजीचा. "भिमे, तुला येड लागला का गो? पवित्र शास्त्रात हाय, जळत्या झुडपापुढं देवानं आपल्या सेवकाला वहाणा काढायला लावल्या. आणि तू देवाच्या टेबलावर बूट ठेवतेस?"

"काढल्यात की बाबा," भिमी म्हणाली. "माज्या पायात कुठं हायत? आणि तो पण झुडपापर्यंत चालत आला तो वहाणा घालूनच आला ना."

कमळूबाबाचा राग आणखी वाढला. त्यानं टेबलाकडे जाऊन बुटांच्या नाड्या धरल्या आणि तो ते बाहेर नेऊन ठेवायला निघाला. बूट आता दाराबाहेर गेले तर पुन्हा कधी काही घेऊन भिमी ह्या टेबलापर्यंत येणार नव्हती, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

"थांबा बाबा," सुयोग पाळक म्हणाला. मग सगळ्यांना विचारलं तेच त्यानं हिलाही विचारलं. "भिमाबाई, हे कशाचं फळ?"

भिमीनं पदर सारखा केला. "पाळक, माज्या शेतात काय उगवत नाय, ता वयनी बोलली ता खराच हाय. मी रोज चालते. अकरा वर्सं माज्या हद्दीत काय पण झाला नाय. एक डबा हलला नाय, एक माणूस पडला नाय. त्या काय-पण-न-झाल्याचा फळ मी कसा आणू? ता टोपलीत मावत नाय. मंग चालून चालून जे झिजलं ता आणलं. आदी बुधू चालला, मंग मी. आमचा पीक ताच."

तिला अजून बोलायचं होतं, पण गाडी आली.

पत्रे थरथरायला लागले. रीतीप्रमाणे सगळे गप्प बसले. कमळूबाबा मध्येच उभा, हातात बूट लटकलेले. मालगाडी होती, लांब, सावकाश चाललेली. उभ्या उभ्या करायचं काय, म्हणून म्हाताऱ्यानं हातातल्या बुटांकडे पाहिलं. मग एक बूट उलटा केला. चपट्या टाचेवर त्यानं अंगठा फिरवला, पुढच्या पातळ झालेल्या जागेवर थांबला, दाबून पाहिलं. आयुष्यभर अनवाणी रान तुडवलेल्या माणसाला झिजणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याचा एक मुलगा ह्याच रुळांवरून रोज कल्याणला कामाला जायचा आणि रोज संध्याकाळी घरी यायचा. घरी येण्याबद्दल आजवर कमळूबाबानं देवाचे आभार मानले होते, मधल्या कुणाचे मानायचे राहून गेले होते. हे भिमीला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं, कारण त्याचा राग तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

शेवटचा डबा गेला. पत्रे थांबले.

"आमेन," भिमी म्हणाली.

ह्या वेळी ते सगळ्या मंडळीनं ऐकलं, आणि ह्या वेळी कुणाला वाटलं नाही की हिला घरी जायची घाई आहे. जना तिच्याकडे बघत राहिली. वर्षानुवर्षांची सगळी आमेनं तिच्या डोक्यात एकदम जुळली असावीत, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग साधा झाला.

"बाबा," जना म्हणाली, "काय धरून बसलास? इकडं ठेव." आणि उठून टेबलाजवळ जाऊन तिनं आपली देखणी पेंढी दोन हातांनी उचलून बाजूला सरकवली, मध्यभागी जागा होईल अशी.

कमळूबाबानं बूट तिथं ठेवले. ठेवताना त्याला तळात अडकलेला एक खडा दिसला, झिजलेल्या खाचेत घट्ट बसलेला. देवाच्या टेबलावर खडा नको म्हणून त्यानं तो नखानं उकरून काढला आणि खिडकीतून फेकायला हात उचलला.

"टाकू नको, बाबा," भिमी घाईनं म्हणाली. "खडी रेल्वेची हाय. उद्या नेऊन टाकते जागेवर."

आता मात्र सगळं प्रार्थनाघर हसलं, कमळूबाबासुद्धा. त्यानं खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटवली. भिमीनं मान खाली घातली नाही. तिला अभिमान वाटत होता, आणि तो वाटू द्यायची तिला त्या दिवशी लाज वाटली नाही.

सुयोग पाळकानं दोन्ही हात बुटांवर ठेवले आणि डोळे मिटले. त्यानं सुरुवात केली, "हे प्रभू, तुझ्या ह्या लेकीनं," आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं लोकल आली. पाळक रीतीप्रमाणे थांबला. हात बुटांवर तसेच ठेवून तो वाट बघत राहिला, आणि मंडळीही राहिली. म्हाताऱ्यांपैकी कुणी डुलकी काढली नाही. डबे एकामागून एक गेले.

शेवटचा गेला तेव्हा भिमीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जनाच बोलली, चांगल्या मोठ्यानं, शेतातून हाक मारल्यासारखी.

"आमेन."